कातड्याचा चेंडू आणि श्रीनगरचीं मुलें

शाळेंतील मुलांस खेळावयास शिकवावें लागतें, ही कल्पनाच आमच्या आजोबांच्या पिढीस चमत्कारिक वाटली असती. मुलांस खेळांतून ओढून आणून अभ्यासास बसवावयाचें, हें वडिलांचें काम. खेळावयास त्यांस कोण बसवितो? विटीदांडू, लगोऱ्या, आट्यापाट्या, हुतूतू हे खेळ मुलें मुलांपासूनच शिकत, आणि त्या खेळांतले पंच, पुढारी व कायदेपंडित मुलांतलेच असत. तालमींत वस्ताद असे खरा; परंतु तालमींत येणारा मुलगा आपल्या पायांनीं येई, आणि तेथें तयार व्हावयाचा तो एकटा मल्ल, अकरा जणांचा संघ नव्हे. शाळेनें तास नेमून द्यावा, शिक्षकानें शिटी वाजवावी, आणि मुलांनीं नेमून दिलेल्या जागीं उभें राहून एका चेंडूसाठीं झटावें, ही व्यवस्था आमच्या देशांत इंग्रजी शाळेच्या मागोमाग आली. ती आली तेव्हां मुलांच्या मनांत खेळाची इच्छा उत्पन्न कशी झाली, किंवा कशी केली गेली, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. त्याचीं दोन अगदीं भिन्न उत्तरें कलकत्ता व श्रीनगर ह्या दोन शहरांनीं चौदा वर्षांच्या अंतरानें दिलीं. तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं, असा आमचा विचार आहे.

खुद्द इंग्लंडांतही ही व्यवस्था फार पुरातन नाहीं. ईटन, हॅरो, रग्बी इत्यादि बड्या निवासी शाळांतून फुटबॉल पुष्कळ वर्षें चालत आला होता. पण तो मुलांचा खेळ होता. प्रत्येक शाळेचे नियम निराळे, ते मुलांनींच केलेले, आणि शिक्षकवर्ग त्याकडे काणाडोळा करी किंवा नाक मुरडी. १८५१ सालीं मार्लबरो येथील शाळेंत मुलांनीं उघड बंड केलें. पुढच्याच वर्षीं तेथें जॉर्ज कॉटन हे मुख्य म्हणून आले. मोकळ्या वेळांत मुलें आसपासच्या रानांत हिंडत, चोरून शिकार करीत आणि शेतकऱ्यांशीं भांडणें उकरून काढीत. त्यांस आवाराच्या आंत ठेवावयाचें तर आवारांतच कांहीं आकर्षण पाहिजे, हें कॉटन ह्यांनीं ओळखलें आणि संघटित खेळांस शाळेच्या दिनक्रमांत मानाचें स्थान दिलें. म्हणजे शालेय खेळांची जी थोरवी पुढें गाइली गेली, तिच्या मुळाशीं बंडखोर पोरांस कुंपणांत ठेवण्याची एक साधी युक्ति होती! हेच कॉटन पुढें कलकत्त्याचे बिशप झाले व १८६६ सालीं बंगाल्यांत कुष्टिया येथें नदींत बुडून मरण पावले. दरम्यान १८५७ सालीं टॉमस ह्यूज ह्यांची टॉम ब्राऊनची कादंबरी निघाली आणि मैदानावर मनुष्य घडतो ही श्रद्धा घरोघर पोंचली. १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन खेळाचे एक नियम ठरले. त्यानंतरच्या तीस वर्षांत इंग्लंडांतून जो तरुण मास्तर किंवा मिशनरी हिंदुस्थानांत आला, त्याच्या पेटींत बहुधा बायबलाशेजारीं चेंडू असे; निदान मनांत तरी असेच.

आतां कलकत्ता. १८७७ सालीं हेअर स्कूलमध्यें शिकणारा नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नांवाचा लहान मुलगा आईबरोबर गाडींतून गंगास्नानास चालला होता. वाटेंत मैदानावर गोरे लोक चेंडू खेळतांना त्यास दिसले. गाडी थांबवून तो खालीं उतरला आणि कडेला उभा राहून पाहूं लागला. चेंडू गडगडत त्याच्याचकडे आला. एका खेळाडूनें तो परत लाथाडावयास सांगितलें, आणि त्यानें लाथाडला. बंगाली लोक ही कथा मोठ्या आवडीनें सांगतात, आणि आवडीनें सांगितल्या जाणाऱ्या सर्व कथांप्रमाणें ती थोडी घोटून गुळगुळीत झालेली असेल. पण पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. नगेंद्रानें वर्गांत वर्गणी जमविली, मुलें इंग्रजी दुकानांत गेलीं आणि चेंडू घेऊन आलीं. तो निघाला रग्बीचा, लांबट! मुलांस त्याचें काय? शाळेच्या आवारांत त्या लांबट चेंडूच्या मागें झुंबड उडाली. शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील स्टॅक नांवाच्या प्राध्यापकांनीं हा गोंधळ पाहिला. मुलें कोणता खेळ खेळत आहेत हें मुलांस ठाऊक नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं गोल चेंडू मिळवून दिला आणि खेळ समजावून सांगितला.

येथें क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं इच्छा, मग चेंडू, आणि सर्वांच्या शेवटीं गुरु. स्टॅकसाहेबांस मुलांच्या मनांत उत्साह भरावा लागला नाहीं. तो उतूं चालला होता, त्यास फक्त पात्र द्यावयाचें होतें. कोणत्याही शिक्षकास हेवा वाटावा असें त्यांचें भाग्य. नगेंद्रप्रसाद मोठा झाल्यावर त्यानें एकामागून एक संघ उभारले. त्यांपैकीं वेलिंग्टन क्लबांत मणि दास नांवाच्या कुंभाराच्या मुलास घेण्यावरून वरिष्ठ जातींच्या सभासदांनीं आक्षेप काढला, तेव्हां त्यानें मुलास वगळण्याऐवजीं क्लबच मोडला, असें सांगतात. पुढें त्याच्याच शोभाबाजार क्लबानें १८९२ सालीं ट्रेड्स चषकाच्या सामन्यांत ईस्ट सरे ह्या गोऱ्या पलटणीचा पराभव केला. १९११ च्या मोहनबागानच्या विजयाची कीर्ति सर्वतोमुखीं आहे; ह्या आधींच्या विजयाची आठवण मात्र बंगालबाहेर फारशी कोणी ठेविली नाहीं.

श्रीनगरची गोष्ट ह्याच्या अगदीं उलट टोंकापासून सुरू होते. तेथें गुरु आधीं आला, मग चेंडू आला, आणि इच्छेचा तर पत्ताच नव्हता.

हा गुरु म्हणजे सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को. फुटबॉलचे नियम ज्या वर्षीं ठरले त्याच १८६३ सालीं त्यांचा जन्म झाला. देहयष्टि लहान, त्यामुळें केंब्रिज विद्यापीठांत ते नौकेचे सुकाणूधर झाले, आणि १८८४ सालीं ऑक्सफर्डविरुद्धची शर्यत केंब्रिजनें जिंकली तेव्हां सुकाणूच्या दोऱ्या त्यांच्याच हातीं होत्या. आठ धिप्पाड माणसें वल्हीं मारीत आहेत आणि सर्वांत ठेंगणा मनुष्य त्यांच्यासमोर बसून हुकूम सोडीत आहे, हें चित्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व चरित्राची किल्ली त्यांत आहे. १८९० च्या अखेरीस चर्च मिशनरी सोसायटीच्या श्रीनगर येथील शाळेंत ते रुजू झाले. झेलमच्या कांठीं फतेह कदल ह्या पुलापाशीं ही शाळा भरे. तिचे त्या वेळचे मुख्य हिंटन नोल्स हे काश्मिरी म्हणी व लोककथा गोळा करणारे विद्वान गृहस्थ होते. त्यांचे ते दोन्ही संग्रह अभ्यासक आजही चाळतात. म्हणी जमविणाऱ्याच्या जागीं वल्हें मारणारा आला, तेव्हां शाळेंत काय उलथापालथ झाली असेल ह्याची कल्पना करावी.

मुलें बहुतेक पंडितांचीं, म्हणजे काश्मिरी ब्राह्मणांचीं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्यांनीं दरबारची लेखणी चालविली होती. कोणत्याही राजवटींत ज्याचा निभाव लागला तो फारसीच्या आणि हिशेबाच्या बळावर, बाहुबळावर नव्हे. आतां फारसीचे दिवस सरत आले होते, पंजाबांतून इंग्रजी शिकलेले लोक येऊन जागा पटकावीत होते, म्हणून मुलांस मिशनच्या शाळेंत घालण्याचें धाडस पालकांनीं केलें. पाहिजे होतें तें इंग्रजी आणि परीक्षेचा दाखला. शरीर कमावणें हें हांजी लोकांचें, म्हणजे नावाड्यांचें लक्षण. दंड भरलेला दिसला तर सभ्य गृहस्थास लाज वाटावी, अशी समजूत. ह्या समजुतीस हंसण्याआधीं आमच्याकडील कारकुनी पेशाच्या घरांत मुलानें कुदळ हातीं घेतली तर काय बोललें जात असे, तें आठवावें.

१८९१ च्या शरदऋतूंत बिस्को नवपरिणीत पत्नीस घेऊन मुंबईहून काश्मीरास परतले, तेव्हां त्यांच्या सामानांत एक कातड्याचा फुटबॉल होता. मुंबईंत त्याच वर्षीं रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. तेव्हां काश्मीरांतील शाळेच्या ह्या पहिल्या चेंडूचें माहेर मुंबई, असें म्हणावयास आम्हांस हरकत दिसत नाहीं. शाळेंत त्यांनीं तो उंच धरून दाखविला. पुढें जें संभाषण झालें तें बिस्को ह्यांनीं स्वतः अनेकदां सांगितलें आहे. हें काय, म्हणून मुलांनीं विचारलें. खेळावयाचा चेंडू, असें उत्तर मिळालें. खेळलें तर पैसे मिळतील काय? नाहीं. मग खेळणार नाहीं. हा कशाचा केला आहे? कातड्याचा. तर मग तो दूर न्या. आम्ही ब्राह्मण, आम्हांस त्याचा स्पर्श चालत नाहीं.

बिस्को ह्यांनीं वाद घातला नाहीं. तीन वाजतां मैदानावर यावयाचें, एवढेंच त्यांनीं सांगितलें, आणि शिक्षकांस निराळें बोलावून त्यांच्या हातीं काठ्या दिल्या. मैदानाच्या वाटेवर ठिकठिकाणीं शिक्षक उभे राहिले, म्हणजे एकाही मुलानें गल्लींत सटकूं नये. हे शिक्षक स्वतः ब्राह्मणच होते. त्यांची मनःस्थिति काय असेल, ह्याचा विचार ह्या गोष्टीच्या भरांत बहुधा कोणी करीत नाहीं. मुलें आलीं तीं घोट्यापर्यंत लोंबणारें फिरन घालून, पायांत लांकडी खडावा. कांहींच्या फिरनाखालीं पोटाशीं धरलेली विस्तवाची कांगडी. सभोंवार गांवचे लोक जमले. संघ पाडले गेले, गोलांच्या जागा दाखविल्या, नियम सांगितले, चेंडू मध्यभागीं ठेविला गेला. आणि पहिली लाथ मारण्याचा हुकूम होतांच सर्व मुलें पुतळ्यांप्रमाणें उभीं राहिलीं. बिस्को ह्यांनीं घड्याळ काढून पांच मिनिटांची मुदत दिली. मुदत संपली, कोणी हललें नाहीं. तेव्हां काठ्या घेतलेल्या शिक्षकांस त्यांनीं पुढें सरण्याची खूण केली. मग मात्र चेंडूस लाथ बसली, आणि जो कल्लोळ झाला त्यांत खडावा आणि पागोटीं आकाशांत उडालीं.

इतक्यांत चेंडू उसळून एका मुलाच्या तोंडावर बसला. खेळ जागच्या जागीं थांबला. पायास किंवा अंगरख्यास लागता तर गोष्ट निराळी होती. येथें साक्षात्‌ ओठांस कातडें लागलें. मुलगा रडूं लागला, आणि आतां ह्याचें काय करावयाचें म्हणून सर्वजण बिस्कोंकडे आले. जवळच कालवा होता. तेथें नेऊन त्यास धुवा, असें त्यांनीं सांगितलें. मुलांनीं त्यास कालव्यावर नेलें, तोंड धुतलें, आणि सर्व मैदानावर परत आलीं. चेंडू पुन्हां मध्यभागीं ठेविला गेला आणि खेळ पुढें चालू झाला.

ही हकीकत आजवर बहुधा काठीची कथा म्हणून सांगितली गेली आहे. निश्चयी साहेब, भेदरलेलीं पोरें, आणि रूढीवर काठीचा विजय, असा तिचा थाट असतो. बिस्को ह्यांनीं ती सांगितली तीही त्याच थाटांत. आमचें मत निराळें आहे. काठीनें मुलें मैदानापर्यंत आलीं आणि चेंडूस एक लाथ बसली. ह्यापलीकडे काठीचें कर्तृत्व जात नाहीं. खेळ वांचला तो कालव्याच्या पाण्यानें. विटाळ झाला तर स्नान, हा उपाय कांहीं केंब्रिजहून आलेला नव्हता. तो त्या मुलांच्या घरचा, त्यांच्या आजीच्या तोंडचा उपाय होता. बिस्को ह्यांनीं तो सहज, कदाचित्‌ थट्टेनें सांगितला असेल. पण मुलांनीं तो थट्टेवारी नेला नाहीं. जो चेंडू शिवल्यानें मनुष्य कायमचा बाटतो असें वाटत होतें, तो शिवल्यानें फक्त तोंड धुवावें लागतें, हें त्या घटकेस त्यांच्या ध्यानांत आलें. कालव्यावरून घरचा रस्ता धरणें कांहीं अशक्य नव्हतें. गांवचे लोक त्यांच्याच बाजूचे होते. मुलें परत आलीं. फुटबॉलचा काश्मीरांतील आरंभ आम्ही ह्या परत येण्यापासून धरतों.

कातड्याच्या विटाळाविषयीं एक गोष्ट सुचते ती सांगून पुढें जाऊं. आमच्या देवळांत मृदंग वाजतो, तो कातड्यानेंच मढविलेला असतो. त्याची अडचण कोणास झाल्याचें ऐकिवांत नाहीं. पुण्यास त्याच सुमारास कातड्याचा दुसरा एक चेंडू खेळला जात होता, तो क्रिकेटचा. त्या चेंडूस ब्राह्मण खेळाडू खुशाल हात लावीत. परंतु तोच चेंडू अप्रतिम टाकणारा बाळू पाळवणकर चांभाराचा मुलगा, म्हणून संघांत घेतल्यावरही त्यास चहा द्यावयाचा तो बाहेर आणि वेगळ्या मातीच्या भांड्यांत! श्रीनगरच्या मुलांस कातडें चालत नव्हतें; पुण्याच्या सुशिक्षितांस कातडें चालत होतें, कातडें कमावणाऱ्याच्या कुळांतला मनुष्य चालत नव्हता. दोहोंत अधिक शुद्ध कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

त्या दिवशींच्या खेळानें प्रश्न मिटला नाहीं, हें सांगावयास नको. कित्येक मुलांस घरांत घेतलें गेलें नाहीं, त्यांस नातलगांकडे राहावें लागलें; शहरांत निषेध झाला. खेळ चालू राहिला तो कांहीं काळ शिक्षकांच्या देखरेखीखालींच. येथून पुढें बिस्को ह्यांचें खरें काम सुरू होतें, आणि आश्चर्य असें कीं त्याविषयीं लोक फार कमी बोलतात, कारण त्यांत काठी नाहीं.

पहिली गोष्ट त्यांनीं केली ती गुणांची. शाळेंत मुलाची योग्यता ठरवितांना एकंदर गुणांचे तीन भाग पाडले: एक विद्येचा, एक शरीराचा, एक वर्तनाचा. काश्मिरी पालकास दाखल्याची किंमत कळत होती. त्याच दाखल्यांत धांवणें, पोहणें आणि परोपकार हीं शिरलीं. पोहण्याच्या बाबतींत तर थेट खिशाला हात घातला. तेरा वर्षांचा होऊनही मुलास पोहतां येत नसेल तर त्याची फी वाढे, आणि शिकेपर्यंत वाढत राही. नदीकांठच्या शहरांत दर वर्षीं माणसें बुडून मरत असतां पोहणें मात्र हलकें मानलें जावें, ह्यावर हा तोडगा होता. खेळल्यानें पैसे मिळतील काय, हा मुलांचा पहिल्या दिवशींचा प्रश्न बिस्को ह्यांनीं हंसण्यावारी नेला होता. पण त्याचें उत्तर शेवटीं त्यांस पैशांच्याच भाषेंत द्यावें लागलें, ही मौज आहे.

दुसरी गोष्ट संघाची. ज्यानें लहान मुलांस फुटबॉल शिकविला असेल त्यास ठाऊक असतें कीं, लाथ मारावयास शिकविणें सोपें. लाथ न मारावयास शिकविणें कठीण. चेंडू जेथें तेथें सर्व मुलें, मधमाशांच्या पोळ्यासारखीं. आपली जागा सोडावयाची नाहीं, चेंडू आपल्यापाशीं येईल ह्या विश्वासानें दूर उभें राहावयाचें, आणि आलेला चेंडू आपल्याहून सोयीच्या ठिकाणीं असलेल्या गड्यास देऊन टाकावयाचा, हें मुलाच्या स्वभावास सोडून आहे. मोठ्यांच्याही होतें, इंग्लंडांत १८६० नंतरचीं कांहीं वर्षें एकेकट्यानें चेंडू पायांशीं खेळवीत नेणें हीच कला मानली जाई, आणि चेंडू एकमेकांस देत पुढें सरकण्याची पद्धति १८७० नंतर स्कॉटलंडच्या क्वीन्स पार्कनें व इंजिनिअरांच्या पलटणीनें रूढ केली. आट्यापाट्यांत आणि हुतूतूंत ही जाण आमच्या मुलांस असते. पाटी सोडली तर डाव गेला, हें त्यांस कोणी सांगावें लागत नाहीं. पण श्रीनगरच्या पंडितांच्या मुलांपुढें दुसराच पेंच होता. ज्या गड्यास चेंडू द्यावयाचा तो आपल्या जातीचा नसेल तर? शाळेंत पंडितांबरोबर मुसलमान मुलें होतीं, आणि बिस्को त्यांस एकाच संघांत व एकाच नावेंत घालीत. वल्हें हें तर सरळ हांजीचें हत्यार. तें ब्राह्मणांच्या मुलांनीं भर झेलमवर, पुलावरून लोक पाहत असतां, मारावयाचें! पुढें त्या शाळेनें आडवीं वल्हीं हेंच आपलें चिन्ह केलें, आणि सर्व गोष्टींत मनुष्य व्हा अशा अर्थाचें ब्रीद त्याखालीं घातलें.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मैदानावर तयार झालेला संघ मैदानावरच राहूं दिला नाहीं. १८९३ सालीं झेलमला मोठा पूर आला; तेव्हां आणि त्यानंतरच्या संकटांत शाळेचीं मुलें नावा घेऊन लोकांस वांचवावयास गेलीं. लांकडी घरांच्या त्या शहरांत आग ही नेहमींची. आग विझवावयास मुलांच्या टोळ्या धांवत. पटकीच्या सांथींत त्यांनीं मदत केली, आणि इस्पितळांतील दुखणाईतांस नावेंत बसवून सरोवराची हवा खावयास नेण्याचा पाठ ठेविला. ज्या शहरानें चेंडूस शिवल्याबद्दल ह्या मुलांस तोंडावर हिणविलें, त्याच शहराच्या जळत्या घरांत तीं मुलें बादल्या घेऊन शिरलीं. खेळास शहराची मान्यता मिळाली ती येथें, मैदानावर नव्हे. मुलगा खेळून घरीं आला तर त्यास बाहेर ठेवतां येतें. शेजाऱ्याचें घर वांचवून आला तर बाहेर ठेवणें आईसही जड जातें.

एवढें श्रेय दिल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिस्को ह्यांचीं पुस्तकें वाचतांना अंगावर कांटा येतो तो कांहीं सर्वस्वीं कौतुकानें नव्हे. मुलांविषयींचा त्यांचा आरंभींचा तिरस्कार पानोपानीं दिसतो. त्यांचे पोषाख, त्यांचें भित्रेपण, त्यांचा मळ, त्यांचा धर्म, सर्वांची ते थट्टा करतात, आणि ती थट्टा विलायतेंतील वर्गणीदारांस रिझविण्यासाठीं आहे हें लपत नाहीं. शतकानुशतकें तलवारीखालीं मान वांचवीत आलेल्या समाजानें नम्रपणा हेंच चिलखत केलें होतें, ही गोष्ट त्यांस उशिरां उमगली असावी. शिवाय ही सगळी हकीकत गुरूच्या तोंडची. स्वतःच्या पराक्रमाची कथा सांगतांना कोण सेनापति शिपायांच्या पायांतले कांटे मोजतो? त्या दिवशीं वाटेवर काठी घेऊन उभ्या राहिलेल्या ब्राह्मण शिक्षकांनीं संध्याकाळीं घरीं जाऊन बायकोस काय सांगितलें, हें त्या पुस्तकांत कशाला येईल? परंतु रोज मैदानावर मुलांबरोबर उभे राहिले ते तेच. जातीचा रोष पत्करून त्यांनीं तें काम केलें नसतें, तर एकटा साहेब किती दिवस शिटी वाजविता?

आणि एक. मिशननें त्यांस पाठविलें तें धर्मप्रसारासाठीं. त्या हिशेबानें त्यांची कामगिरी अगदींच तोकडी. बाप्तिस्मा घेतलेले विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके, आणि त्याबद्दल वरिष्ठांची कुरबुरही होई. हिंदु हिंदु राहिले, मुसलमान मुसलमान राहिले, आणि सगळे फुटबॉल खेळूं लागले. बिस्को ह्यांनीं त्याबद्दल फारशी खंत केली नाहीं, ह्यांत आम्हांस त्यांचा मोठेपणा दिसतो. मुलानें आपलें म्हणणें ऐकावें ह्यापेक्षां त्यानें बुडत्यास हात द्यावा, ह्याची त्यांस अधिक मातब्बरी होती.

कलकत्त्याच्या आणि श्रीनगरच्या मुलांची तुलना करतांना एक चूक सहज होते ती टाळली पाहिजे. बंगाली मुलें जात्याच उत्साही आणि काश्मिरी मुलें जात्याच मंद, असा निष्कर्ष काढणारे लेखक पूर्वीं होऊन गेले. पण बंगाली मनुष्य दुबळा, हा टोमणा त्याच काळांत इंग्रज लेखक सारखा मारीत होते, आणि नगेंद्रप्रसादाच्या पिढीनें तो मनावर घेतला होता. कलकत्त्यांत इंग्रजी शिक्षणास दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. मैदान घराजवळ, गोऱ्यांचा खेळ डोळ्यांसमोर, तो पाहून हात शिवशिवत. श्रीनगरच्या मुलानें चेंडू पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या वस्तूची इच्छा कोणास होते? त्यास चेंडू, खेळ, साहेब आणि काठी हीं चारही एकाच दुपारीं दिसलीं; त्यांतून पहिली तीन चौथीपासून निराळीं काढावयास त्यास कांहीं वर्षें लागलीं, ह्यांत नवल नाहीं. स्टॅकसाहेब श्रीनगरास असते तर ते कदाचित्‌ गच्चींतून पाहत राहिले असते आणि खालीं आवारांत कांहींच घडलें नसतें. बिस्को कलकत्त्यास असते तर त्यांनीं नगेंद्राच्या हातांतला लांबट चेंडू हिसकावून त्यास आधीं रांगेंत उभें केलें असतें, अशी आम्हांस भीति वाटते.

१९४७ सालीं बिस्को काश्मीर सोडून गेले, तेव्हां त्यांचें वय चौऱ्यायशीं वर्षांचें होतें. सुमारें सत्तावन्न वर्षें ते त्या एकाच शाळेंत राहिले. १ ऑगस्ट १९४९ रोजीं आफ्रिकेंत, ऱ्होडेशियांतील सॉल्सबरी येथें ते वारले, आणि त्यांचें आत्मचरित्र १९५१ सालीं प्रसिद्ध झालें. श्रीनगरांतील शेखबाग भागांत त्यांची शाळा त्यांच्या नांवानें आज चालू आहे. फुटबॉल काश्मीरांत असा रुजला कीं, श्रीनगरचा अब्दुल मजीद काक्रू हा १९८० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानच्या संघाचा कर्णधार झाला. २०१६ सालीं तेथें रिअल काश्मीर नांवाचा संघ निघाला, आणि दोन वर्षांत देशांतील आय-लीग सामन्यांत उतरला. हिवाळ्यांत बर्फ बाजूस सारून ते सामने खेळले गेले, आणि हजारों लोक फिरन पांघरून, पोटाशीं कांगडी धरून ते पाहावयास बसले.